दीड वाट्याची सनई

रविवार, सतरा नोव्हेंबर. रक्कम सहा हजार रुपये, इसार म्हणून. ठिकाण वरकुट्यातल्या माझ्या मामांच्या घरचा ओटा. हजर माणसं पाच: मामा, वडगाव निंबाळकरचे एक बागायतदार, त्यांचा मेव्हणा, सनई वाजवणारे आबा आणि मी. बागायतदारांच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, पंधरा डिसेंबरला, बारामतीच्या एका मंगल कार्यालयात. बिदागी ठरली चोवीस हजार.

मामांचा गजीचा, म्हणजे धनगरी ढोलनाचाचा, ताफा आहे. आजोळची माणसं पूर्वी मेंढ्या राखायची. आता ऊस आणि डाळिंब करतात, पण ढोल कुणी सोडलेला नाही. पांढरी धोतरं, फेटे, हातात रुमाल, मध्ये ढोल-झांजा आणि सगळ्यांच्या वरून सनई. मामा आणि आबा धरून बारा माणसं.

बागायतदारांनी नोटा मामांच्या हातात ठेवल्या आणि मग बोट वर केलं.

"एक सांगतो तात्या. सनई पायजे. थोरल्याच्या लग्नात लोकांनी नुसतं ढोल बडवलं, काय मजा आली न्हाय. सनई नसंल तर इसार माघारी."

"व्हय की," मामा म्हणाले.

आबा तोंडाला रुमाल लावून बसले होते. त्याच आठवड्यात इंदापूरच्या दवाखान्यात त्यांचे वरचे पुढचे चार दात काढले होते. हिरड्या भरून यायच्या, मग माप घ्यायचं, मग कवळी बसायची. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. तोवर सनईची पत्ती ओठांत धरली की नुसती हवा जायची.

पाहुण्यांची गाडी गेली तसे मामा म्हणाले, "आता कुठनं आणायचा सनईवाला? लग्नसराई हाय. सगळी गुतलेली." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "भाच्या, तुझं ते खेळणं हाय न्हवं, सनईवानी किरकिरतंय ते?"

ते खेळणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी बारामतीत शेती औजारांच्या दुकानात हिशोब लिहितो. वय सत्तेचाळीस. चार वर्षांपूर्वी मुलाला सुट्टीत खेळायला म्हणून हातात धरायचा एक स्वस्तातला गेम घेतला. जुन्या काळच्या गेमच्या यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, त्यात असतो. मुलगा आठवड्यात कंटाळला. मी मात्र त्यात गाणी रचायचा प्रोग्राम घातला आणि तिथेच अडकलो. त्या जुन्या यंत्राला एका वेळी चारच आवाज काढता यायचे. दोन चौकोनी ध्वनिलाटेचे, एक आपण आकार देऊ तसा आणि एक नुसता खरखरीचा. पडद्यावर सूर नसतात, आकड्यांचे रकाने असतात. मोजणीही दहाची नव्हे, सोळाची. नवानंतर ए, बी, सी येतात. दिवसभर दहाच्या हिशोबात राहिलेल्या माणसाला संध्याकाळी सोळाचा हिशोब बरा वाटतो. बायको म्हणते, "दुकानातनं आले आणि पुन्हा रकाने भरायला बसले."

त्यातली चौकोनी लाट अगदी चिंचोळी केली की आवाज नाकात बोलल्यासारखा येतो. मागे एकदा मी तो मामांना गंमत म्हणून ऐकवला होता. मामांच्या ते लक्षात राहिलं.

मी म्हणालो, "मामा, करून बघतो. पण सनई यंत्रातली आहे हे त्या माणसांना आधी सांगायचं."

मामांना ते पटलं नाही. तरी मी तिथूनच फोन लावायला सांगितला. पलीकडून बागायतदार हसले. "यंत्रातनं का हुईना, वाजली म्हंजे झालं. आमच्या पोराला उलट आवडंल. त्यो दिवसभर त्येच खेळत असतोय."

निघताना मामांनी टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. आमच्याकडे भाच्याकडून काम करून घेतलं तरी त्याला पैसे देत नाहीत. पैसे गड्याला द्यायचे, भाच्याला टॉवेल-टोपी. मामांनी माझ्या बाबतीत हे कधी चुकवलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार आबा एसटीने आमच्याकडे बारामतीला आले. सनई सोबत आणायचे. फुंकता येत नव्हतं, तरी बोटं भोकांवर फिरवायचे आणि तोंडाने चाल म्हणायचे. दात नसल्याने शब्द बोबडे यायचे, सूर मात्र ढळायचा नाही. मी बोटं बघून सूर ओळखायचो, रकान्यात भरायचो आणि वाजवून दाखवायचो.

पहिल्यांदा ऐकल्यावर आबांनी गेम हातात घेतला, उलटा केला, मागची बाजू बघितली.

"भाचेराव, ह्याला दात किती हायत?"

"एकही नाही आबा."

"मग माझ्यापरीस बरा वाजवतोय की भाड्या."

बायको चहा घेऊन आली होती, तिला हसू आवरेना. आबाही हसले. पण नंतर बराच वेळ त्यांनी गेम हातातून खाली ठेवला नाही. बोटं नुसती त्याच्या बटणांवर होती.

पहिल्या रविवारी संथ चाल झाली, दुसऱ्या रविवारी उडती. उडती अवघड होती. तिचे आठ तुकडे होते. एक तुकडा आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि मी बटण दाबलं की पुढचा सुरू होतो, अशी सोय मी केली होती. गजीत सनईने वळण घेतलं की नाचणारे वळतात. ते वळण कधी घ्यायचं हे आजवर आबा ठरवायचे. आता माझा अंगठा ठरवणार होता.

आठ डिसेंबरला दुपारी वरकुट्यात मामांच्या घरामागच्या मोकळ्या रानात तालीम झाली. पिकअपवर स्पीकर ठेवला, गेमची वायर त्याला जोडली. संथ चाल झाली, उडती झाली. शेवटच्या तुकड्याला सगळ्यांनी एकदम गिरकी घेऊन रुमाल उडवले तेव्हा बांधावर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. झांज वाजवणारा एक जण धापा टाकत म्हणाला, "आयला, सनई दमतच न्हाय!"

मग चहा झाला आणि चहाबरोबर वाट्याची गोष्ट निघाली.

ताफ्यात पैसे वाट्याने वाटतात. दहा माणसांना एकेक वाटा. मामांना दीड, कारण ताफा त्यांचा. सनईला दीड, कारण तिच्यावाचून काही नाही. आणि एक वाटा ढोलांचा, कातडी बदलायला. एकूण चौदा वाटे. चोवीस हजारांतून पिकअपचं भाडं तीन हजार वजा केलं तर वाट्याला दीड हजार येत होते.

मामांनी कप खाली ठेवला. "ह्या बारीला सनईचा वाटा न्हाय. मशीन काय जेवायला मागत न्हाय."

आबा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी बशीतला चहा तसाच धरला.

मी म्हणालो, "मामा, चाल आबांची आहे. मशीनला आधी काय येत होतं? वाटा त्यांचाच."

"जो फुकत न्हाय त्याला दीड वाटा? हितं पोरं गुडघं झिजवत्यात."

"दीड वाटा काढला तर माणशी एकशे ऐंशी रुपये वाढतात, मामा. तेवढ्यासाठी?"

"तुला हिशोब इचारला न्हाय भाच्या."

बाकीचे माझ्याकडे बघू लागले. एकशे ऐंशीचा आकडा मी मोठ्याने सांगायला नको होता. काहींना तो कमी वाटला, काहींना बरा. आबांच्या घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं, आणि कवळीचे पैसे ते ह्याच सुपारीतून देणार होते. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मामा उठले. "चला, पुन्यांदा सुरवातीपास्नं. संथ लाव."

ह्यानंतर जे झालं ते मला नीट सांगितलं पाहिजे. ह्या प्रोग्रामात जपून ठेवायच्या दोन तऱ्हा असतात. एक, प्रोग्रामची स्वतःची वही. रचलेलं गाणं त्यात राहतं. दुसरी, एम्युलेटरची सोय: चालू यंत्राचा त्या क्षणाचा फोटो काढून ठेवायचा आणि हवा तेव्हा त्या क्षणाला परत जायचं. पहिल्या रविवारी, संथ चाल झाल्यावर, मी असा एक फोटो काढला होता. मामा चिडले होते, माणसं उभी राहिली होती, मला चटकन संथ चालीच्या सुरुवातीला जायचं होतं. मी तो फोटो उघडला.

पण फोटोत यंत्राबरोबर यंत्राची वहीही असते. पहिल्या रविवारचा फोटो उघडला की वहीसुद्धा पहिल्या रविवारची होते, आणि गेम लगेच तीच जपून ठेवतो. ह्या छंदातल्या नवख्या माणसांना सगळे हेच आधी सांगतात. मला ते माहीत होतं. दुकानात मी रोज संध्याकाळी हिशोबाची दुसरी प्रत काढतो; हिची प्रत मी सोमवारी काढू म्हणून ठेवली होती, आणि तो सोमवार जाऊन पुढचा रविवार आला होता.

संथ चाल वाजली. सगळे नाचले. मामांनी ढोलावर उडतीची थाप दिली, मी बटण दाबलं, आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर आठही तुकड्यांचे रकाने कोरे होते.

ढोल एकेक करून थांबले.

"काय झालं?"

"उडती गेली, मामा."

"गेली म्हंजे? मघाशी हुती न्हवं?"

"होती. माझ्या हातून पुसली गेली."

मामा माझ्याजवळ आले. त्यांनी आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पुसली गेली, का पुसलीस?"

मी त्यांना फोटो आणि वही समजावून सांगू लागलो. जेवढं सांगत गेलो तेवढं ते खोटं वाटत गेलं. माझं मलाच तसं ऐकू येत होतं. मामांनी शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. झांजवाल्याने मोबाइलवर तालीम रेकॉर्ड केली होती. ती लावून पाहिली, तर ढोलाखाली सनई दबलेली. आठांतले दोन तुकडे मला आठवत होते, तेही धड नाही.

लग्न पुढच्या रविवारी. इसाराचे सहा हजार खर्च झालेले. त्यातून दोन ढोलांना नवी कातडी घातली होती, ती समोरच दिसत होती. मामा पिकअपच्या फळीला टेकून उभे राहिले. सगळ्यांची नजर हळूहळू आबांकडे गेली.

आबांनी बशी धुऊन पालथी घातली. "मी जाईन बारामतीला. पुन्यांदा सांगीन. पर आधी वाट्याचं बोला."

"आबा, घरची मानसं आपण," मामा म्हणाले.

"मघाशी पन घरचीच हुतो."

एक जण खोकला. मामांच्या कपाळावरची शीर दिसू लागली. दहा माणसांसमोर त्यांना शब्द फिरवावा लागत होता आणि फिरवल्यावाचून सुटका नव्हती. "दीड वाटा," ते म्हणाले. "झालं?"

"अजून एक. मी भाचेरावांच्या शेजारी बसनार. मी सांगीन तवाच बटन दाबायचं. फेटा बांधून बसनार. बिनफेट्याचा न्हाय."

"बसा," मामा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता घरात गेले. त्या दिवशी मी मामीच्या हातचं जेवलो, पण मामा पानावर आले नाहीत.

आबा मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. उसाच्या दोन ट्रॉल्या जाऊ दिल्या आणि मग म्हणाले, "भाचेराव, तुमी केलंत ते मी कुणाला सांगनार न्हाय."

"आबा, मी काही केलेलं नाही. चुकून झालं."

"बरं, बरं."

"खरंच चुकून."

"मी कुठं न्हाय म्हनतोय?" ते म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. मामांच्या संशयापेक्षा मला ते दाबणं जड गेलं. जे मी केलेलं नव्हतं त्याचे आभार मी घेऊन निघालो होतो, आणि परत द्यायची सोय नव्हती.

घरी बायकोनेही विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तरी खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

"केलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं."

मी गेम कपाटात ठेवून दिला. ह्या घरात पंचवीस वर्षं मी खोटं बोललेलो नाही, आणि त्याचा त्या संध्याकाळी काही उपयोग झाला नाही.

मंगळवारी दुपारी आबा आले. मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. प्रत्येक तुकडा भरला की दोन ठिकाणी प्रत काढत होतो. आबांना त्याची गंमत वाटत होती. चौथा तुकडा बोटांवर दाखवताना त्यांनी सूर वर नेला आणि तिथेच धरला. मागच्या वेळी इथे चाल खाली येत होती, हे मला पक्कं आठवत होतं. आठवणारे दोन तुकडे होते, त्यातला हा एक.

"आबा, मागं इथं खाली आला होतात."

"मागं वाटा ठरला न्हवता," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा सरळ होता. "मग मागं तुम्ही मला..."

"चाल दिली हुती की. चांगलीच हुती. लोक नाचलं असतं." ते जरा थांबले. "पर ही येगळी हाय. ही मी कुनाला दिली न्हवती. भरा."

मी भरली. वाजवून बघितली. ह्या चौथ्या तुकड्यामुळे पाचवा दारात येऊन थांबल्यासारखा वाटत होता. मागची चाल माझ्या हातून गेली ह्याचं मला त्या वेळी वाईट वाटेनासं झालं, आणि ते मामांना कधी सांगता येणार नाही हेही कळलं.

पंधरा डिसेंबरला कार्यालयाच्या दारात मांडवाखाली आम्हाला जागा दिली होती. मी आणि आबा दोन खुर्च्यांवर. आबा फेटा बांधून, हातात सनई उभी धरून. गेम माझ्या मांडीवर. मामा ढोल घेऊन पुढे. ते सकाळपासून माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. वरात आली. संथ चाल सुरू झाली. पहिल्या ओळीला नवरदेवाने मान वळवली, स्पीकर बघितला, मग माझ्या मांडीवर बघितलं आणि मित्राच्या पाठीत गुद्दा घातला. बागायतदार कमरेवर हात ठेवून उभे होते. सनई ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

उडती सुरू झाली. आबांची बोटं सनईवर फिरत होती आणि डावा हात मधूनच माझ्या गुडघ्यावर यायचा. हात दाबला की मी बटण दाबायचो. एक, दोन, तीन वळणं बरोबर पडली. चौथा तुकडा आला. सूर वर गेला आणि तिथे थांबला. तुकडा संपून पुन्हा सुरू झाला. आबांचा हात आला नाही.

पुन्हा एकदा वाजला. नाचणारे पुढच्या वळणाच्या तयारीत एका पायावर तोललेले. मामांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे बघितलं. आबा मामांकडे बघत होते. मामांचा घाम फेट्याखालून कानावर उतरला होता. अंगठा बटणावर टेकला होता. दाबला असता तर कुणी मला दोष दिला नसता. पण शब्द आबांचा होता आणि तो मामांनीच मान्य केला होता. तुकडा आणखी एकदा सुरू झाला. मामांनी ढोलावरची थाप वाढवली, आणखी वाढवली, डोळे माझ्यावरच. आता बागायतदारांनी कमरेवरचे हात काढले.

गुडघ्यावर हात पडला. मी दाबलं.

पाचवं वळण निघालं तेव्हा नाचणाऱ्यांचे सगळे रुमाल एकदम वर गेले आणि वरातीतली माणसं ओरडत आत घुसली. त्यानंतरचे तीन तुकडे कुणी ऐकले असतील असं मला वाटत नाही. बागायतदार स्वतः फेटा सावरत मधे नाचत होते.

गर्दी जेवायला गेल्यावर मी आबांना विचारलं, "एवढा उशीर का केलात?"

"तुमच्या मामाला जरा घाम फुटू दे म्हनलं," आबा म्हणाले आणि सनई पिशवीत घातली.

वाटप इंदापूरच्या वाटेवरच्या एका हॉटेलात झालं, चहा सांगून. बागायतदारांनी उरलेले अठरा हजार पूर्ण दिले होते, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. इसाराचे सहा हजार मामांनी आपल्या पदरचे घातले. ढोलांच्या वाट्यातून ते पुढे वळते होणार होते. पिकअपवाल्याला तीन हजार. दहा माणसांना दीड-दीड हजार. ढोलांचा एक वाटा मामांकडेच राहिला. आबांच्या हातावर दोन हजार दोनशे पन्नास ठेवले. आबांनी ते मोजले नाहीत, सरळ आतल्या खिशात घातले.

मग मामांनी स्वतःच्या दोन हजार दोनशे पन्नासातून पाचशेची एक नोट काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"हे काय मामा?"

"मशीनचं भाडं."

मामांच्या पिशवीत टॉवेल-टोपी होती का, हे मी बघितलं नाही. असती तर त्यांनी काढली असती. झांजवाले कपाकडे बघत बसले. आबा काही बोलायला गेले, मी त्यांना मानेनेच नको म्हटलं. नोट परत सरकवावी असं वाटलं. पण ती परत केली असती तर मामांनी ती माझी कबुली धरली असती. मी ती घेतली, घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि माझ्या चहाचे दहा रुपये वेगळे दिले.

आबांना दीड वाटा, दोन हजार दोनशे पन्नास. मला पाचशे, भाडं म्हणून, मामांच्या हातून.